लिपिक गैरहजर

१

निवृत्त माणसाने सकाळी दहा ते बारा घरात दिसू नये, ही अक्कल मला बायकोने दिली आणि मी ती आठ वर्षं इमानाने पाळली. दहाला वाचनालयात जायचं, चार वर्तमानपत्रं वाचायची, पाचवं तोंडावर घेऊन डुलकी काढायची, बाराला घरी. त्या आठवड्यात वाचनालयाचं छत गळायला लागलं आणि दाराला कुलूप पडलं. म्हणून सोमवारी अकरा वाजता मी घरात होतो. एरवी मला हे कळलंच नसतं. न कळण्यातलं सुख मी नोकरीत पुरेपूर भोगलेलं आहे, त्यामुळे काय गमावलं ते मला नेमकं ठाऊक आहे.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिच्या आयुष्यातून जिना वजा केला, म्हणून चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून आम्ही इथे आलो. गल्ली मी निवडली. डावीकडे लाँड्री, समोर बेकरी, दोन्हीकडून ऊब. घर पाहायला आलो तेव्हा बायको रिक्षातूनच म्हणाली होती, "खोलगट आहे हो ही गल्ली. पाणीबिणी शिरलं तर मी काय पोहत बाहेर येऊ?"

मी छाती काढून सांगितलं होतं, "या गल्लीखालच्या पाण्याचे बावीस वर्षांचे आकडे माझ्या हातचे आहेत. चार फुटांच्या वर एकदाही गेलं नाही."

तर सोमवारी अकराला मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होतो. बाहेर पाऊस असा नव्हताच, नुसती भुरभुर. डोंगराकडे मात्र चार दिवस आभाळ काळं होतं. आतल्या खोलीत, बायकोच्या खाटेच्या बाजूला, तीन ठोके पडले. ठक. ठक. ठक. सावकाश, सारख्या अंतराने, लोखंडावर लोखंड आपटावं तसे. आवाज भिंतीतून येत नव्हता. खालून येत होता, फरशीच्या. मग जरा थांबून आणखी तीन ठोके, हलके, लाकडी. मी म्हटलं, घुमला असेल.

खरं तर मी दचकायला हवं होतं. दचकलो नाही. माझा उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि पेन बाहेर आलं. टोपण काढून मी ओट्यापुढे उभा, समोर उकळतं पाणी. मग दचकलो.

"काय वाजलं गं?"

"लाँड्रीवाले असतील. रोज अकराला वाजतं," बायको आतून म्हणाली. "तुम्ही घरात असता कुठे? आणि चहा आणताय की त्याची पण फाइल फिरवताय टेबलाटेबलांवरून?"

लाँड्री सोमवारी बंद असते. हे मी तिला सांगितलं नाही.

२

पेन का निघालं ते सांगतो.

डोंगरातून निघून शहराच्या पोटातून नदीला मिळणारा एक ओढा आहे. मी शाळेत जाण्याच्या आधीच कधीतरी त्याच्यावर छत घालून वर रस्ते आणि घरं केली. ओढ्याला विचारलं नसावं. आत पाणी किती आहे ते कळावं म्हणून चौदा ठिकाणी लोखंडी झाकणं ठेवली. आमच्या खात्याचं काम एवढंच होतं. गजवाल्याने रोज सकाळी एकेक झाकण उघडायचं, फुटा-इंचांच्या खुणांचा लांबलचक लोखंडी गज आत सोडायचा, ओल कुठवर चढली ते पाहायचं. बरोब्बर अकराला तो ऑफिसात यायचा, माझ्या टेबलाशी गज जमिनीवर तीनदा आपटायचा आणि म्हणायचा, "लिहा, भाऊसाहेब." मी पेन काढायचो आणि लिहायचो. बावीस वर्षं.

नोंदवहीत रकाने चौदा होते. झाकणं मात्र तेरा. नऊ नंबर नकाशावर होतं, जमिनीवर सापडत नव्हतं. आठ आणि दहाच्या मधे कुठेतरी भरावाखाली गेलं असणार. मी साहेबांना विचारलं, रकाना कोरा ठेवू का? साहेब म्हणाले, "कोऱ्या रकान्यातून प्रश्न येतात. भरलेल्यातून येत नाहीत."

हे वाक्य खात्याच्या दारावर कोरून लावायला हवं होतं. मी रोज आठ आणि दहाची बेरीज करून निम्मी करायचो आणि त्यातून दोन इंच कमी करायचो, म्हणजे सरासरी काढल्याचा संशय नको. खोटं बोलावं तर थोडं वाकडं बोलावं. झाकणाखालच्या खड्ड्याची खोली लिहायची होती तिथे लिहिलं, नऊ फूट. नऊ नंबरची नऊ फूट. डोक्याला तेवढाच आराम.

अडलं ते सहीवर. प्रत्येक आकड्यापुढे गजवाल्याची सही लागायची आणि आमचा गजवाला अडून बसला. "जे झाकण मी उघडलं नाही त्याच्यापुढे माझी सही नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, भाऊसाहेब."

मग मी एक हंगामी गजवाला नेमला. कागदावर. नाव दिलं नाही, कारण नाव दिलं की लोक चौकशी करतात. नुसती सही दिली: एक वेलांटी, एक गाठ, खाली टिंब. अक्षर माझं वाटू नये म्हणून ती मी डाव्या हाताने करायचो. शेऱ्याच्या रकान्यात रोज "निरंक". त्या माणसाने बावीस वर्षांत एक रजा घेतली नाही, बढती मागितली नाही, कुणाशी भांडला नाही. असा कर्मचारी खात्याला पुन्हा मिळाला नाही.

आणि हळूहळू माझाच त्याच्यावर विश्वास बसला. इतका, की घर घेताना मी त्याच्या शब्दावर घेतलं.

३

त्याच सोमवारी दुपारी चार वाजता दारात एक मुलगी उभी राहिली. गुडघ्यापर्यंत बूट, बुटांवर चिखल, काखेत गुंडाळलेला नकाशा. माझ्याच जुन्या खात्यातली नवी इंजिनीअर. पुराचा धोका कुठे किती आहे त्याची रेषा शहराच्या नकाशावर आखण्याचं काम तिच्याकडे होतं.

"काका, तुम्हाला शोधायला तीन दिवस गेले," ती म्हणाली. "तुमची नोंदवही म्हणजे सोनं आहे."

"घरात या माणसाला किराणाची यादी धड लिहिता येत नाही," बायको खाटेवरून म्हणाली. "बस गं बाळा. बूट राहू देत."

तिने नकाशा खाटेवरच पसरला. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना लाल रेघ, आणि आमच्या गल्लीपाशी ती रेघ चक्क वळसा घालून गेली होती.

"बाकी तेरा ठिकाणी आता यंत्रं बसवलीत. नऊला यंत्र नाही, झाकणच सापडत नाही. पण तुमचे आकडे आहेत ना! मधे जागा मोकळी असावी, पाणी तिथे पसरतं आणि बसतं. म्हणून ही गल्ली रेषेबाहेर ठेवली. इथे भोंगा नाही, पंप नाही, घरं रिकामी करायच्या यादीत नाव नाही. शुक्रवारी नकाशा मंजुरीला जातो. तुम्ही निवांत."

"ऐकलंत?" बायको मला म्हणाली. तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. लग्नानंतर मी तो सूर दोनदा ऐकलाय. "मी उगीच घाबरत होते."

इथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "एकच विचारायचं होतं. तो हंगामी गजवाला कुठे राहतो? मला त्याला भेटायचंय."

"का?"

"अहो, तुम्ही निवृत्त झालात, वही बंद झाली. आठ वर्षं सगळ्या रकान्यांत आडवी रेघ आहे. फक्त नऊ चालू आहे. रोज आकडा, रोज सही. मी मागच्या महिन्यापर्यंतचं उतरवून घेतलं. एक दिवस खाडा नाही काका! असा माणूस कुठे मिळतो हल्ली?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

ती गेल्यावर बायकोने विचारलं, "चेहरा का उतरला? एवढी स्तुती पचली नाही वाटतं."

मी म्हटलं, छातीत जळजळतंय. ते खरंच होतं.

४

मी विचार करणारा माणूस आहे. रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःला पटवून दिलं की ऑफिसात माणूस जातो, सवय राहते. माझ्या जागी आलेल्या कुणी तरी रिकामटेकड्या लिपिकाला "नऊ रोज भरायचं" असं कुणी तरी सांगितलं असेल आणि थांबायला कुणी सांगितलं नसेल. खात्यात याहून मोठ्या गोष्टी याच कारणाने चालू आहेत. सही? सही गिरवता येते.

तरी मंगळवारी मी जुन्या गजवाल्याकडे गेलो. तो चौथ्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर जमिनीत वाकून पाहिलेला माणूस जमिनीपासून जितका लांब जाता येईल तितका गेलेला. आता ऐकू कमी येतं, पण मला पाहून उठून उभा राहिला.

"भाऊसाहेब! अजून आहात?"

"आहे. तुझ्यासारखा वर चढून बसलो नाही, एवढंच."

चहा झाला. मी आवाज चढवून विचारलं, "नऊ नंबर कुठे होतं रे? तुला कधीच सापडलं नाही?"

त्याने कप खाली ठेवला. खिडकी लावून घेतली, जणू बाहेर कुणी ऐकत होतं.

"सापडलं नाही असं मी कधी म्हणालो? मी म्हणालो, उघडलं नाही."

"म्हणजे?"

"पहिल्याच महिन्यात सापडलं. लाँड्रीच्या उजव्या अंगाला मोकळी जागा होती. नकाशा धरून मोजत गेलो, हातभर माती काढली, लोखंड लागलं. मी काय करायचो ठाऊक आहे ना? आधी गजाने तीनदा ठोकायचो. आतल्या उंदीर-झुरळांना नोटीस. त्यांनी बाजूला व्हावं, मग झाकण उघडावं."

"मग?"

"ठोकलं." तो थांबला. "आतून तीनदा वाजलं."

"घुमला असेल आवाज."

"घुमलेला आवाज लगेच येतो, भाऊसाहेब. हा विचार करून आला."

मी हसण्याचा प्रयत्न केला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? शेऱ्यात लिहिलं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "माती लोटून दिली परत. सही करणार नाही म्हणालो ते त्यासाठी. तुम्ही मात्र कुणाची तरी केलीत."

लाँड्रीच्या उजव्या अंगाला आता मोकळी जागा नाही. तिथे आमचं घर आहे, ते मी त्याला सांगितलं.

निघताना तो जिन्यापर्यंत आला. "वहिनींची तब्येत?"

"सुधारतेय. काठीने चार पावलं चालते."

"वर आणा त्यांना," तो म्हणाला. "तुमच्या त्या घरात वर कुणी राहतं ना? मग वर आणा."

५

बुधवारी दहाच्या ठोक्याला मी रेकॉर्ड रूमच्या दारात होतो. रेकॉर्डकीपर माझ्या वेळचाच, आता त्याला चष्म्याच्या आड आणखी एक चष्मा लागतो. "वही? ती इंजिनीअर बाईंनी पाहून परत ठेवली. तिसरं कपाट. सांभाळून, ओल आलीय तिला."

"या खोलीत कोण येतं रे?"

"तुम्ही आलात. ती आली. बाकी वाळवी."

"रोज कुणी वहीत लिहायला येतं?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

वही बाकावर ठेवली. पानांच्या कडा फुगल्या होत्या, बोटाला गार लागत होत्या. माझ्या निवृत्तीचं पान उघडलं. माझं शेवटचं "निरंक", वळणदार. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेरा रकान्यांत आडव्या रेघा, आणि नवव्यात आकडा, मग सही. वेलांटी, गाठ, टिंब. गिरवलेली नव्हती. गिरवलेली सही थांबत थांबत जाते. ही एका झटक्यात केलेली होती, करून करून हात बसलेल्या माणसाने.

मग शेऱ्याचा रकाना. मुलीने आकडे उतरवले, शेरे वाचले नसावेत. शेरे कोण वाचतं? मी स्वतः बावीस वर्षं एकच लिहिला.

लिपिक गैरहजर.

दुसऱ्या दिवशी: लिपिक गैरहजर. तिसऱ्या दिवशीही. पान उलटलं. लिपिक गैरहजर. अक्षर वाकडं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं, शाई फुटलेली. पंधरा पानं उलटली, पन्नास उलटली. रविवारसुद्धा. आठ वर्षांचे दिवस होतात दोन हजार नऊशेच्या वर, आणि एका दिवशीही तो कंटाळलेला नव्हता, रागावलेला नव्हता. नुसती नोंद. खात्याची भाषा मी आयुष्यभर लिहिली, पण ती वाचणाऱ्याला कशी लागते ते तिथे कळलं.

शेवटच्या पानावर बोट ठेवून खाली आलो. आकडे बदलले होते. शनिवार, पाच फूट दोन इंच. रविवार, सहा फूट. सोमवार, सात एक. मंगळवार, आठ फूट तीन इंच. खोली नऊ फूट, हे माझं मीच ठरवलेलं.

मंगळवारचा शेरा वेगळा होता.

"लिपिकाच्या घरी समक्ष कळवीत आहे."

बुधवारची ओळ कोरी होती. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

६

रिक्षात बसून मी त्या इंजिनीअर मुलीला फोन लावला. बावीस वर्षांत जे साहेबांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, ते एका वळणावर, हॉर्नच्या आवाजात सांगितलं.

"नऊ नंबर खोटा आहे. मी बसल्या जागी लिहायचो. त्या गल्लीखालचं पाणी कुणी कधी मोजलेलं नाही."



"काका, पण आठ वर्षं..."

"ते सोड. आठ आणि दहाची यंत्रं काय सांगतात आत्ता?"

कागद चाळल्याचा आवाज. मग तिचा श्वास. "आठमध्ये पाणी चढतंय. दहामध्ये चढत नाही. म्हणजे मधेच अडतंय. काका, गल्लीत घरं किती?"

"बावीस."

"सगळ्यांना वर जायला सांगा. भोंगा नाही तिथे. मी निघाले."

गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि ओरडत सुटलो. आयुष्यभर टेबलामागे बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही. आवाज बोकडासारखा निघाला. पण बेकरीवाला बाहेर आला, कारण त्याच्या मोरीतून उलटं पाणी येत होतं आणि त्याला कुणी तरी काही तरी सांगायला हवंच होतं. तो ऐकून आत पळाला. मग दारं उघडायला लागली.

बायको खाटेच्या कडेला बसली होती, काठी हातात. न्हाणीघरातून बुडबुड ऐकू येत होतं.

"वर चल. वरच्यांना सांगितलंय."

"जिना मला मना आहे. विसरलात? आणि झालंय काय एवढं? तुमचे बावीस वर्षांचे आकडे..."

"ते मी मनाने लिहिले."

तिचा काठी धरलेला हात थांबला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, दोन मिनिटांत. कोरा रकाना, सरासरी, डावा हात.

"आणि त्या जोरावर मला इथे आणून ठेवलंत," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हो."

"बावीस वर्षं घरी येऊन जेवताना 'आज काय विशेष?' विचारलं की म्हणायचात, 'निरंक'. ते पण खोटंच की."

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि खाटेखालून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

अगदी जवळून. खाटेचा पाय थरथरला. आणि बायकोने, माझ्याकडे बघत बघत, सवयीने काठी उचलली आणि फरशीवर टेकवली. टक. टक. टक.

"काय करतेस?"

"उत्तर देतेय." ते तिच्या तोंडातून निघालं आणि मगच तिच्या कानावर पडलं असावं. "चार महिने देते रोज. मला वाटलं, पलीकडे कुणी तरी माझ्यासारखंच पडून असेल. एकटं. अहो, तुम्ही नसायचात घरात."

लाँड्रीतले दोघं दारात आले तेव्हा फरशीवर पाण्याचा पातळ थर आला होता. त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. जिन्यावर ती त्यांना म्हणत होती, "सावकाश रे, इस्त्रीचे कपडे नाहीत मी," आणि मला, मान वळवून, "तुम्ही मागे थांबू नका. ऐकताय ना? मागे थांबू नका."

७

तिच्या गोळ्या आणि चष्मा खाटेच्या उशाशी राहिले होते. खुब्याच्या माणसाला गोळ्यांवाचून चालत नाही. मी वर गेलो, तिला बसवलेलं पाहिलं आणि खाली आलो. एवढं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं आणि आजही तेच देतो.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, कमालीचं गार. बाहेर लोकांचे आवाज होते, भांड्यांचे, मुलीच्या गाडीचे. खोलीत मात्र काहीच आवाज नव्हता. पाणीसुद्धा न वाहता नुसतं वाढत होतं. मी चष्मा खिशात घातला. गोळ्यांचं पाकीट घेतलं.

खाट थोडी बाजूला सरकली होती. तिच्याखालची एक फरशी तिरकी उभी होती, झाकण उघडून कडेला टेकवून ठेवतात तशी. आणि त्या चौकोनातून गज वर येत होता.

सावकाश, इंच इंच. काळा, ओला, खुणा पांढऱ्या. छातीइतका वर आला आणि थांबला. मग अर्धा फिरला, खुणा माझ्या बाजूला याव्यात म्हणून. चांगला गजवाला असंच करतो. लिपिकाला वाकावं लागू नये. तो सरळ उभा होता, जरासुद्धा हलत नव्हता. खालून कुणीतरी तो नीट, कसलेल्या हाताने धरला होता.

मी पळायला हवं होतं. मी आकडा वाचला. डोळ्यांनी वाचला, आयुष्यात पहिल्यांदा. पाणी लागलं होतं त्या खुणेशी नऊ फूट सात इंच. गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. शेऱ्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: "लिपिक हजर."

आणि मग तोंडातून, नोकरीभर रोज निघायचा तो शब्द निघाला. "सही."

गजाच्या बाजूने पाण्यातून एक हात वर आला. मनगटापर्यंतच. कपडे धुऊन धुऊन होतो तसा सुरकुतलेला, पांढराफटक. तळवा वर केलेला. घाई नव्हती त्याला. आठ वर्षं थांबलेल्या माणसाला कसली घाई?

हात डावा होता.

मी जिन्यापर्यंत कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही. पाणी माझ्या मागोमाग चार पायऱ्या चढलं आणि तिथे थांबलं. बावीसही घरांतली माणसं वर होती. मुलगी छत्रीशिवाय समोरच्या गच्चीवरून डोकी मोजत होती, पुन्हा पुन्हा, बोट दाखवून. तिने शेवटी हात वर केला. सगळे.

बायको खिडकीशी बसली होती. मी चष्मा दिला. तिने तो घातला, आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे.

"गोळ्या?"

"खाली राहिल्या."

"पेन?"

"दिलं एकाला."

"कुणाला?"

"ऑफिसातलाच आहे."

तिने खालच्या पाण्याकडे पाहिलं. मग तिने जमिनीवर टेकलेली काठी आवाज होऊ न देता उचलली आणि मांडीवर आडवी घेऊन बसली.